हुकलेला ठोका

पावसाळ्याचे दिवस. भाडे घेऊन निघालेली एक टॅक्सी चढणीला लागते आणि तिला एकाएकी हिसके बसू लागतात. चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो. पण वेग वाढण्याऐवजी गाडी कुरकुरते, अडखळते. पुढे सिग्नलपाशी थांबल्यावर स्टिअरिंगवरच्या हातांना थरथर जाणवते. मागच्या नळीतून येणारा एकसुरी आवाज मध्येच तुटतो आणि 'फट्‌ फट्‌' असा ऐकू येतो. समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागलेला असतो. "गाडी मिसिंग करतेय," असे चालक प्रवाशाला सांगतो. पुस्तकांतून या दोषाला मिसफायर म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे, तर इंजिनाचा ठोका हुकलेला असतो.

चालक गाडी गॅरेजात नेतो. तेथे सगळे प्लग बदलले जातात. दोन दिवस बरे जातात, पाऊस पडताच पुन्हा तेच हिसके. मग एक कॉइल बदलली जाते. तरीही गुण येत नाही. कोणी म्हणतो पेट्रोल भेसळीचे आहे, कोणी म्हणतो पंप गेला. प्रत्येक सल्ल्यासरशी एक नवा सुटा भाग गाडीत बसतो आणि चालकाची एका दिवसाची कमाई बुडते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. विशेष म्हणजे यात मेकॅनिकच्या हातात कसब नव्हते, असे नाही. त्याने प्लग नीट बसवले, कॉइलही नीट बसवली. उणीव होती ती विचारांच्या क्रमात. दोष कोठे आहे हे ठरण्याआधीच उपाय सुरू झाला होता.

हुकलेल्या ठोक्याचे कारण शोधणे म्हणजे दोषनिदान. हे काम पान्यापकडीइतकेच तर्काचेही आहे. ते समजून घेण्यासाठी प्रथम इंजिन ठोके कसे देते, हे पाहिले पाहिजे.

ठोक्यांचे गणित

पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींची इंजिने चार टप्प्यांनी काम करतात. अशा चार टप्प्यांचे इंजिन जर्मनीतील निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये प्रत्यक्षात चालवून दाखवले. तेव्हापासून इंजिनात असंख्य सुधारणा झाल्या, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. सिलिंडर म्हणजे एक भक्कम नळकांडे. त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पहिल्या टप्प्यात पिस्टन खाली जातो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्यात पिस्टन वर येऊन ते मिश्रण दाबतो. दाबलेल्या मिश्रणावर प्लगची ठिणगी पडते, ते पेट घेते आणि तापलेले वायू पिस्टनला जोराने खाली ढकलतात; हा तिसरा टप्पा. चौथ्या टप्प्यात पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळलेला वायू बाहेर लोटला जातो. या चारांपैकी केवळ तिसरा टप्पा शक्ती देतो. उरलेले तीन त्याच शक्तीवर पार पडतात. पिस्टनच्या खाली-वर होण्याने जो मुख्य दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक सिलिंडरचा एक ठोका होतो.

यातून एक सोपे गणित निघते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १,५०० ठोके देतो आणि चौघांचे मिळून ६,००० ठोके होतात, म्हणजे सेकंदाला शंभर. इतक्या ठोक्यांत एखादा हुकला तर कानाला कळणारही नाही. परंतु एकाच सिलिंडरचा ठोका वारंवार हुकू लागला, तर इंजिनाचा तोल जातो. चौघांनी खांद्यावर घेतलेल्या ओझ्याखालून एकाने अंग काढून घ्यावे, तसे ते होते. तीन सिलिंडरांच्या गाडीत तर ही उणीव अधिकच जाणवते. भारतात १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरांचे होते. अशा इंजिनात एक सिलिंडर थंडावला की एक तृतीयांश बळ नाहीसे होते.

तीन गरजा

कोणताही ठोका नीट पडण्यासाठी तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण. वजनाने पाहता एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा फार झाली तर मिश्रण पेटत नाही. पेट्रोल फार झाले तरीही तेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पुरेसा दाब. वर येणाऱ्या पिस्टनने मिश्रण घट्ट दाबले, तरच त्याच्या जळण्यातून जोर मिळतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, झडपा नीट बसत नसल्या किंवा सिलिंडरच्या वरचे गॅस्केट फुटले, तर दाब निसटून जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे योग्य क्षणी पडणारी जोरदार ठिणगी. बॅटरी देते केवळ बारा व्होल्ट. कॉइल हा दाब वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत वाढवते, तेव्हा कोठे प्लगच्या टोकाशी असलेल्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीतून ठिणगी उडी मारते.

मिश्रण, दाब आणि ठिणगी या त्रयीपैकी एक जरी उणी पडली, तरी ठोका हुकतो. म्हणून दोषनिदान करणाराने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न 'कोणता भाग बदलू?' हा नव्हे. 'तिघांपैकी उणे काय आहे?' हा होय.

दुर्लक्षाची किंमत

गाडी हिसके देत का होईना, पण चालते आहे, असे म्हणून पुष्कळ जण ती तशीच दामटतात. हे महागात पडते. ज्या सिलिंडरचा ठोका हुकला, त्यातील पेट्रोल न जळताच बाहेर पडते. पुढे धुराच्या नळीत उत्प्रेरक परिवर्तक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेल्या त्याच्या गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसे त्याला निकामी करते, म्हणून २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. न जळलेले पेट्रोल या परिवर्तकात शिरले की ते तेथेच पेट घेते. उष्णता इतकी वाढते की पोळ्यासारखा गाभा वितळू लागतो. मग धुराची वाटच अडते आणि गाडीचे बळ आणखी घटते. एका साध्या प्लगची किंवा रबरी टोपणाची हयगय केल्याने गाडीतील एक अत्यंत महाग भाग निकामी होतो.

म्हणूनच अनेक गाड्यांमध्ये इंजिनाच्या पिवळ्या दिव्याचे दोन निरनिराळे अर्थ असतात. तो स्थिर पेटला असेल, तर दोषाची नोंद झाली आहे, लवकर तपासणी करावी, असा अर्थ होतो. ॲक्सिलरेटर दाबताच तो उघडझाप करू लागला, तर ठोके इतक्या प्रमाणात हुकत आहेत की परिवर्तकाला इजा पोहोचू शकते. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी गाडी थांबवणे हेच शहाणपणाचे. शिवाय नुकसान केवळ गाडीचे होत नाही. न जळलेल्या इंधनाचा धूर रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या श्वासात जातो.

आधी ऐकणे, मग विचारणे

जुन्या काळचे वैद्य नाडीवर बोट ठेवण्याआधी रोग्याची हकीकत ऐकून घेत. गाडीच्या बाबतीतही चालकाची हकीकत ही पहिली तपासणी होय. दोष केव्हा दिसतो, या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धे निदान दडलेले असते.

गाडी उभी असताना इंजिन थरथरते. पण वेग घेताच सुरळीत चालते, असे चालक सांगत असेल, तर इंजिनात कोठून तरी चोरून हवा शिरत असावी, अशी शंका घ्यावी. हवा आत नेणाऱ्या नळ्यांपैकी एखादी तडकलेली असते किंवा तिचा सांधा सैल असतो. गाडी उभी असताना इंजिन फारच थोडी हवा घेते, त्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचे प्रमाण मोठे ठरते. वेग वाढला की तेच प्रमाण नगण्य होते. अशा गाडीच्या इंजिनाजवळ कान दिला, तर बारीक 'हिस्स' असा आवाजही ऐकू येतो.

याउलट दोष केवळ चढणीवर, भरल्या गाडीत किंवा जोराने वेग घेताना दिसत असेल, तर संशय ठिणगीकडे वळतो. इंजिनावर भार पडला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. अशक्त कॉइल, रुंदावलेली फट असलेला प्लग किंवा भेगाळलेले रबरी टोपण सपाट रस्त्यावर कसेबसे निभावून नेते आणि चढणीवर उघडे पडते. अर्थात, भाराखाली इंधनाचा पुरवठा कमी पडत असेल, तरीही असेच लक्षण दिसते. तेव्हा ही दुसरी शक्यता मनातून काढून टाकू नये.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर दोष वाढत असेल, तर ओलावा ठिणगीला भलतीच वाट दाखवीत आहे, असे समजावे. वीज नेहमी सोपी वाट शोधते. प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा ओल्या भेगेतून इंजिनाच्या धातूत उतरणे तिला सोपे जाते. जुन्या गाड्यांमध्ये रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून पाहिले, की तारांवर निळसर ठिणग्या नाचताना दिसत.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये आणखी एक सोय असते. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर मात्र हिसके देते, असे आढळले, तर इंजिनातील दाब ठीक असल्याची शक्यता मोठी. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास पेट्रोलच्या मानाने अधिक व्होल्ट लागतात. त्यामुळे जुना प्लग किंवा थकलेली कॉइल गॅसवर आधी नापास होते. त्यानंतर गॅसच्या पुरवठ्याची तपासणी करता येते. एक कळ दाबून इंधन बदलले, एवढ्यावरून संशयाचे वर्तुळ बरेच लहान होते.

दोषी सिलिंडर कोणता?

हकीकत ऐकून दिशा मिळाली, की पुढचा प्रश्न येतो तो सिलिंडरचा. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये अनुभवी मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार, हाताला धक्का बसणार नाही अशा बेताने, काढून पाहत असे. चांगल्या सिलिंडरची तार काढली, की इंजिनाचा वेग घटे, आवाज बदले. ज्या सिलिंडरची तार काढूनही काहीच फरक पडत नसे, तोच दोषी. कारण जो आधीच काम करीत नव्हता, त्याला थांबवून काय बदलणार? ही युक्ती साधी होती, पण तिच्यातील तर्क अचूक होता. परिवर्तक असलेल्या आजच्या गाड्यांत मात्र ठिणगी तोडणे योग्य नाही. तसे केल्यास न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाते आणि कॉइललाही इजा होऊ शकते. त्याऐवजी इंजेक्टरची जोडणी काढून हीच परीक्षा घेता येते, कारण मग त्या सिलिंडरला पेट्रोलच मिळत नाही.

आजच्या गाड्यांमध्ये ही पारख बव्हंशी गाडीतील संगणकच करतो. क्रँकवर दाते असलेले एक चाक असते आणि त्याच्याजवळ एक संवेदक म्हणजे सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक ठोक्यासरशी क्रँकची गती क्षणभर वाढते. ठोका हुकला तर ती वाढत नाही. कोणता दाता किती उशिरा पुढे सरकला, यावरून कोणत्या सिलिंडरचा ठोका हुकला, हे संगणक ताडतो. भारतात १ एप्रिल २०१३ पासून मोटारींतील स्वनिदान यंत्रणेचा दुसरा, अधिक काटेकोर टप्पा लागू झाला आणि हुकलेल्या ठोक्यांवर पाळत ठेवणे हा तिच्या कामाचा भाग झाला. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या खाचेत तपासणी यंत्र जोडले, की दोषांक वाचता येतो. 'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरचा दोष, 'पी०३०२' म्हणजे दुसऱ्याचा, 'पी०३०३' म्हणजे तिसऱ्याचा. आणि 'पी०३००' म्हणजे ठोके कोणा एकाचे नव्हे, तर निरनिराळ्या सिलिंडरांचे हुकत आहेत.

दोषांक म्हणजे निकाल नव्हे

येथे एक मोठा गैरसमज होतो. यंत्राने 'पी०३०३' दाखवले, की पुष्कळ जण 'तिसरी कॉइल गेली' असे समजतात. यंत्राने तसे मुळीच म्हटलेले नसते. तिसऱ्या सिलिंडरचा ठोका हुकतो आहे, एवढेच ते सांगते; का हुकतो, हे सांगत नाही. कारण कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, उंदराने कुरतडलेली तार असेल किंवा जळलेली झडपही असेल. खाचखळग्यांच्या रस्त्यावर चाकांच्या आदळण्याने क्रँकची गती कमीजास्त होते आणि क्वचित संगणकही फसतो. दोषांक ही पोलिसात आलेली तक्रार आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे.

निवाडा करण्यासाठी पुरावा लागतो आणि तो मिळवण्याची एक बिनखर्ची रीत आहे. ती म्हणजे अदलाबदल. ज्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यात तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवावी. जुनी नोंद पुसून गाडी पूर्वीच्याच परिस्थितीत, म्हणजे दोष चढणीवर दिसत असेल तर चढणीवरच, चालवावी. आता दोषांक 'पी०३०२' आला, तर दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला. अर्थात कॉइलच दोषी. दोषांक 'पी०३०३' असाच राहिला, तर कॉइल निर्दोष ठरली. मग प्लगची अशीच अदलाबदल करावी. काही कसबी मेकॅनिक दोन्ही परीक्षा एकदमच घेतात. पण कॉइल एका सिलिंडरकडे आणि प्लग दुसऱ्याच सिलिंडरकडे हलवतात, म्हणजे उत्तरात गोंधळ होत नाही. एका परीक्षेला एकच उत्तर असावे, हे येथील सूत्र होय.

प्लग बाहेर काढला, की त्याचा चेहराही वाचावा. शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी प्लगच्या टोकावरून सिलिंडरची प्रकृती कळते. टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. त्यावर कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा ठिणगी अशक्त आहे. तेलकट ओल असेल, तर इंजिनचे ऑइल सिलिंडरमध्ये उतरत आहे. टोक पांढरेफटक पडले असेल, तर ते प्रमाणाबाहेर तापले आहे. प्लगच्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली, तर तीच विजेची चोरवाट होय. हे काम इंजिन थंड झाल्यावरच करावे. गरम इंजिनातून प्लग ओढून काढल्यास ॲल्युमिनियममधील आटे खराब होतात. परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवून मग पाना लावावा.

दोष जागचा हलत नाही तेव्हा

कॉइल बदलली, प्लग बदलला, तरी दोष तिसऱ्या सिलिंडरलाच चिकटून राहिला, तर पुरावा पुढच्या दिशेने बोट दाखवतो. आता इंजेक्टरची पाळी. त्याची जोडणी घट्ट आहे ना, तारा कुरतडलेल्या नाहीत ना, हे पाहावे. इंजिन चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरली, तर त्याची 'टिक्‌ टिक्‌' स्पष्ट ऐकू येते. इतर इंजेक्टर टिकटिकत असताना एखादा गप्प असेल, तर कारण सापडले. हे करताना सैल कपडे, ओढणी, केस आणि हात फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावेत.

इंजेक्टरही ठीक असेल, तर उरतो तो दाब. सगळे प्लग काढून, इंधन व ठिणगी बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकावर मोजतात. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. परंतु आकड्यापेक्षाही सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. समजा, तीन सिलिंडरांचा दाब १२ बार आहे आणि एकाचा ७ बार. मग त्या एकामध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा दाब मोजतात. दाब वाढला, तर तेलाने रिंगांच्या फटी बुजवल्या. म्हणजे रिंगा झिजलेल्या आहेत. दाब तसाच राहिला, तर दोष झडपांचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब कमी भरला, तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटल्याची शंका बळावते. चमचाभर तेलाने एवढा मोठा प्रश्न सुटतो, तो तेलाच्या गुणाने नव्हे. विचारपूर्वक घेतलेल्या परीक्षेच्या गुणाने.

सगळेच सिलिंडर अडखळतात तेव्हा

'पी०३००' हा दोषांक आला, तर एकेका सिलिंडरच्या मागे लागणे व्यर्थ होय. सर्वांना त्रास होत असेल, तर कारणही सर्वांना समान असलेल्या ठिकाणी शोधले पाहिजे. हवेची चोरवाट, तुंबलेला इंधनगाळक, अशक्त पंप, टाकीत शिरलेले पाणी ही अशी समान कारणे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी मर्यादेबाहेर गेले, तर इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमके तेच आधी ओढतो. गाडीने नव्यानेच कोठे पेट्रोल भरले होते का, हा प्रश्न अशा वेळी उपयोगी पडतो. काही इंजिनांत एकच कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी पुरवते; तेथे पहिला व चौथा हे दोघेच एकदम अडखळत असतील, तर त्यांच्या सामायिक कॉइलकडे प्रथम पाहावे.

लक्षण आणि कारण यांची गल्लतही येथेच होते. ठोका हुकला की न वापरलेला प्राणवायू धुराच्या नळीत जातो. तेथील संवेदकाला वाटते की मिश्रणात हवाच जास्त आहे, आणि संगणक सर्व सिलिंडरांना अधिक पेट्रोल पुरवू लागतो. मग 'मिश्रण पातळ आहे' असाही दोषांक उमटतो. तो वाचून कोणी संवेदकच बदलला, तर खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा केल्यासारखे होईल.

निदानाचे मोल

आता त्या टॅक्सीकडे पुन्हा वळता येईल. दोष पावसात आणि चढणीवर वाढतो, हे चालकाने पहिल्याच दिवशी सांगितले होते. ओलावा आणि भार या दोन्ही गोष्टी ठिणगीकडे बोट दाखवतात. दोषांक वाचला असता, तर 'पी०३०३' मिळाला असता. बदललेली कॉइल होती पहिल्या सिलिंडरची, कारण हाताला तीच आधी लागली. तिसरी कॉइल दुसऱ्यावर बसवताच दोषही दुसऱ्याकडे गेला असता. मग ती कॉइल हातात घेऊन नीट पाहिली असती, तर तिच्या रबरी टोपणावरची केसाएवढी भेग दिसली असती. प्लग निर्दोष, पेट्रोल निर्दोष, पंप निर्दोष. जे काम काही मिनिटांच्या परीक्षेने झाले असते, त्यासाठी चालकाचे कित्येक दिवस वाया गेले.

या प्रसंगात सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. ग्राहक नव्या प्लगचे पैसे मुकाट्याने देतो, कारण प्लग डोळ्यांना दिसतो. 'तासभर तपासणी केली, काहीही बदलले नाही, मजुरी द्या,' असे म्हटले, की तोच ग्राहक कुरकुरतो. तपासणीला मोल नाही आणि सुट्या भागाला आहे, असे दिसल्यावर गॅरेजवाला भागच बदलू लागला, तर नवल कसले? शेवटी न लागणाऱ्या भागांचा खर्च ग्राहकाच्याच खिशातून जातो. डॉक्टर नाडी पाहून 'औषधाची गरज नाही' म्हणाले, तरी त्यांचा सल्ला मोलाचा मानला जातो. यंत्र तपासून 'याचा दोष नाही' असे खात्रीने सांगणाऱ्या कारागिराच्या ज्ञानालाही तेवढाच मान मिळायला हवा.

हे ज्ञान काही मोठ्या कार्यशाळांचीच मिरास नाही. दोषांक वाचणारे साधे यंत्र, दाबमापक, प्लगचा पाना आणि चमचाभर तेल एवढ्या सामग्रीवर रस्त्याकडेच्या लहानशा गॅरेजातही यातील बरेचसे निदान करता येते. त्यासाठी लागते ती एक सवय: आधी ऐकणे, मग शंका घेणे, त्या शंकेची परीक्षा करणे आणि पुरावा मिळेपर्यंत कशालाही दोषी न ठरवणे. ही सवय ज्याच्या अंगी बाणली, त्याच्या हातचा पाना उगाच फिरत नाही. गाडीचा ठोका पुन्हा एकसुरी पडू लागतो, पिवळा दिवा मालवतो आणि टॅक्सी पुढच्या भाड्यासाठी रस्त्याला लागते.